स्तिएनाचं बोट

माझी बायको फिलुमेना आणि तिची धाकटी बहीण स्तिएना यांचं भांडण एका बशीवरून झालं. जमिनीवरून भांडणारी माणसं मी पाहिली आहेत, नवऱ्यावरून भांडणाऱ्या बायकाही पाहिल्या आहेत. ती भांडणं कधी ना कधी मिटतात. बशीचं भांडण मिटत नाही.

बशी म्हणजे जुलबीनाची बशी. नाताळच्या आधी महिनाभर आमच्या माल्टातल्या बायका बशीत ओला कापूस अंथरतात, त्यावर लाखेच्या डाळीच्या जातीचं बारीक बी पेरतात आणि बशी अंधाऱ्या कपाटात ठेवून देतात. उजेडाचा कवडसा लागू द्यायचा नाही, पाणी अगदी बेताचं. नाताळपर्यंत बशीतून म्हाताऱ्याच्या दाढीसारखी पांढरी रुजवण लोंबायला लागते. मग त्या बश्या चर्चमध्ये गव्हाणीतल्या बाळ येशूभोवती मांडतात. जिची रुजवण सगळ्यात दाट, तिची बशी बाळाच्या उशाशी. बाकीच्यांनी पायथ्याशी समाधान मानायचं.

उशाची जागा वर्षानुवर्षं फिलुमेनाची होती. आठ-नऊ नाताळांमागे आमच्याकडे नवे पाद्री आले, डून ग्रेत्स्यू. बिचाऱ्यांना गावाची काही माहिती नव्हती. त्यांनी नुसतं डोळ्यांनी पाहिलं आणि स्तिएनाची बशी उशाशी ठेवली. फिलुमेना भर चर्चमध्ये म्हणाली, "कापसाखाली सशाच्या लेंड्या घातल्या असतील हिने." स्तिएना म्हणाली, "जळफळाट मावायला जरा मोठी बशी आण हो, ताई." झालं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

अगदीच बोलायचं असलं तर विहीर आहे. सासऱ्यांनी घराच्या मधोमध भिंत घालून दोन मुलींना दोन घरं दिली, पण घराखालची पावसाच्या पाण्याची विहीर काही त्यांना चिरता आली नाही. तिचं एक तोंड आमच्या स्वयंपाकघरात, दुसरं स्तिएनाच्या. फिलुमेनाला काही ऐकवायचं असलं की ती झाकण काढते, आत वाकते आणि म्हणते, "काही लोकांनी काल मासे जाळले." थोड्या वेळाने खालून घुमत उत्तर येतं, "काही लोकांचं नाक फार लांब झालंय." हे बोलणं धरायचं नाही. दोघी आपापल्या विहिरीशी बोलत असतात. विहीर एकच आहे हा योगायोग.

मग फिलुमेनाचे हात गेले. संधिवात. बोटांचे सांधे सुजले, बोटं वाकडी झाली, जपमाळेचे मणी हातातून निसटायला लागले. तिची बटणं मी लावायला लागलो. गोळ्यांनी सांधे तसेच राहिले आणि पोट तेवढं बिघडलं. त्या नाताळात तिला बी पेरताच आलं नाही. स्तिएना बिनविरोध जिंकली. घरी आल्यावर फिलुमेना कोट न काढताच स्वयंपाकघरात बसली आणि मला म्हणाली, "विस्तिन, पुढच्या नाताळात माझी बशी गव्हाणीशी नसली, तर मला पुन्हा त्या चर्चमध्ये नेऊ नकोस. शवपेटीत घालूनसुद्धा नेऊ नकोस."

फिलुमेना उगाच बोलायचं म्हणून काही बोलत नाही. मला भीती वाटली.

माझा भाचा लेली शेजारच्या गोझो बेटाच्या बोटीवर कामाला आहे. चाळिशी उलटली तरी केस कमरेपर्यंत. मार्चमध्ये तो जेवायला आला, मामीचे हात पाहिले आणि म्हणाला, "मामी, गांजा लाव. फुलं तेलात मुरवायची नि चोळायचं. आमच्या बोटीवरचा स्वयंपाकी चोळतो."

"मादोन्ना!" फिलुमेनाने काटा खाली ठेवला. "या वयात मला तुरुंगात पाठवतोस?"

"अगं, घरात चार झाडं चालतात आता. रस्त्यावरून दिसता कामा नयेत, एवढंच." त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत चार बिया. "सगळ्या माद्या आहेत."

"ते एक बरं झालं," फिलुमेना म्हणाली. "घरात एक पुरुष आहे, तेवढा पुरे."

लेलीने सगळं नीट सांगितलं, हे मला कबूल केलं पाहिजे. माती भुसभुशीत हवी, तीत नारळाचा भुसा मिसळा. कुंडीला खाली भोक हवं. नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं, त्याने मातीवर पांढरा थर धरतो, तेव्हा विहिरीचं वापरा. आणि मुख्य म्हणजे सारखं पाणी घालू नका. अर्धं बोट मातीत खुपसायचं, आत कोरडं लागलं तरच घालायचं, घातलं की खालून निथळेपर्यंत घालायचं. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. मला जे आधीपासून पटलेलं होतं तेवढं माझ्या लक्षात राहिलं, आणि फिलुमेनाने तर ऐकलंच नव्हतं.

"मला शिकवतोय पाणी घालायला," लेली गेल्यावर ती म्हणाली. "जन्म गेला माझा रुजवणीत."

पहिली बी तिने कापसावर ठेवली. बशीत. कपाटात. मी म्हटलं, "अगं, हे झाड आहे, याला ऊन लागतं."

"जुलबीनाला लागतं का?"

"जुलबीना वेगळी."

"बी ते बी," ती म्हणाली आणि कपाटाचं दार लावलं.

बी रुजली, हे खरं. वीतभर पांढरा दोरा बशीबाहेर लोंबायला लागला. फिलुमेनाने मला बोलावून अभिमानाने दाखवला. इतका पांढरा गांजा मी काय, लेलीनेही पाहिला नसेल. मी त्याला फोनवर फोटो पाठवला, तर त्याने उलट मामीलाच फोन केला. म्हणाला, "मामी, हे झाड मेलंय, त्याला अजून कळलेलं नाहीये एवढंच." दोन दिवसांनी झाडालाही कळलं.

मग मी सूत्रं हातात घेतली. चुलतभावाच्या शेतातली लाल माती आणली. भुशाबिशाच्या भानगडीत पडलो नाही, आपल्या मातीत परकं काही कशाला? ती अंगठ्याने अशी दाबून भरली, जशा दगडी भिंतीच्या फटी बुजवाव्यात. कुंडी म्हणून ससा शिजवायचं जुनं मोठं पातेलं घेतलं. त्याला भोक पाडायचं माझ्या जिवावर आलं. या बेटावर पाण्याचा थेंब वाया घालवला तर आमची आई पाठीत लाटणं घालायची. आणि मी भोक पाडून पाणी बाहेर सोडू? त्या पातेल्यात वर चिखल झाला, खाली तळं साचलं, आणि बी मधल्या मध्ये कुजली. पातेल्याला असा वास लागला, की फिलुमेनाने ते कायमचं बाद केलं. ससा आता लहान पातेल्यात शिजवावा लागतो. हे ती मला दर रविवारी ऐकवते.

तिसऱ्या वेळी मात्र दैवाने घात केला. माती नीट, भुसा नीट, कुंडीला भोकं. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमागे, वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला रोप हातभर वाढलं. जूनमध्ये एका दुपारी ते मला तहानलेलं वाटलं. मी गच्चीवर पडलेली नळी उचलली आणि पाणी घातलं. पाण्यातून वाफ का निघतेय, हा विचार माझ्या मनात आला. पण तो जरा उशिरा आला. सकाळपासून उन्हात पडलेल्या नळीतल्या पाण्याने ते रोप उभ्या उभ्या उकडून निघालं.

फिलुमेनाने येऊन पाहिलं. "मीठही घातलंस ना?" एवढंच म्हणाली.

खाली येऊन ती विहिरीच्या कट्ट्यावर बसली. झाकण उघडंच होतं. आता एकच बी उरली होती. ती पेरली तर ऑक्टोबरात फुलं काढता येतील, तेल नोव्हेंबरात हाती पडेल, नेमकं जुलबीना पेरायच्या वेळेला. हीही मेली तर बशी नाही, आणि बशी नाही तर चर्च नाही. मी लेलीला फोन लावला. तो पुन्हा तेच म्हणाला, "मामा, बोट. बोट घालून बघा रे आधी!"

"मामीचं बोट मातीत जात नाही. दुखतं."

"मग तुझं घाल."

माझं बोट! उभा जन्म गोदीत जहाजांचा गंज खरवडला. माझ्या बोटांना उकळता चहा कळत नाही, ओल काय कळणार?

"मग कुंडी उचलून बघ. हलकी लागली तर पाणी घाल."

"गोदीतल्या साखळ्या उचलल्यात मी. मला सगळ्याच कुंड्या हलक्या लागतात."

लेलीने फोन ठेवला. तेवढ्यात विहिरीतून आवाज आला, "काही लोकांना एक बोट कमी पडतंय वाटतं."

फिलुमेना ताडकन उठली, आत वाकून म्हणाली, "काही लोकांनी आपलं बोट आपल्या नाकात घालावं!" आणि झाकण आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौथी बी पेरलेली कुंडी घेऊन गच्चीवर गेलो, तर दोन गच्च्यांमधल्या भिंतीवर स्तिएना बसलेली. एक पाय तिच्या गच्चीत, एक आमच्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगावर काळा झगा, पायांत घरातल्या सपाता. तिच्या नवऱ्याची बेकरी होती, तिने तिथे जन्मभर कणीक मळली. तिचे हात अजून लोण्यासारखे मऊ आहेत. कणकेला पाणी किती लागेल, हे ती पिठात बोट बुडवून सांगायची आणि कधी चुकायची नाही.

"दारातून ये की," मी म्हटलं.

"दारातून आले तर ते येणं झालं," ती म्हणाली. "मी आलेली नाही. मला हात दे."

मी हात दिला. ती उतरली, कुंडीपाशी गेली, उजव्या हाताचं पहिलं बोट मातीत घातलं आणि डोळे मिटले. "घाल पाणी. हळू. खालून थेंब आले की थांब."

मी तिला हळूच विचारलं, "स्तिएना, हे सगळं कशासाठी चाललंय ठाऊक आहे ना? तिचे हात बरे झाले तर ती तुलाच हरवणार."

"हरवू दे की," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी जिंकले. घरी आले, पाव खाल्ला, झोपले. समोर कुणी नसेल तर जिंकून करायचंय काय?"

त्या दिवसापासून आमच्या गच्चीवर रोज सकाळी एक पूजा सुरू झाली. स्तिएना भिंत ओलांडून यायची. फिलुमेना आधीच येऊन आमच्याकडे पाठ करून, चर्चच्या घुमटाकडे तोंड करून उभी राहायची. स्तिएना बोट घालायची आणि मला सांगायची, "आज नको."

मी हातभर अंतरावरच्या बायकोला सांगायचो, "आज नको म्हणते."

"ऐकू आलं. मी बहिरी नाहीये."

"तिला सांग, वरची माती थोडी उकरून मोकळी कर, पण मुळांना धक्का नको."

"तुला सांगते, वरची माती—"

"तूच कर. माझे हात असते तर हिला भिंतीवर चढावं लागलं असतं का?"

मी माती मोकळी करायचो. सत्तरीच्या घरातल्या दोन बायका आणि मध्ये निरोप्यासारखा मी. आणि झाड? ते वाढत होतं. त्याच्याभोवतीची माणसं ठार वेडी आहेत, याचा त्याला पत्ता नव्हता. जुलैअखेर ते माझ्या खांद्याला लागलं.

ऑगस्टच्या एका सकाळी स्तिएनाने बोट घातलं आणि लगेच काढलं. झाडाची पानं कुत्र्याच्या कानांसारखी पडली होती. मला वाटलं, तहानलंय.

"हिला काल संध्याकाळी कुणीतरी पाणी पाजलंय," स्तिएना म्हणाली. "तांब्याभर. या बाजूने."

मी नाही. स्तिएना नाही. आम्ही दोघांनी घुमटाकडे तोंड केलेल्या पाठीकडे पाहिलं.

"पाऊस पडला असेल," पाठ म्हणाली.

"ऑगस्टात?" मी म्हटलं.

"देवाची मर्जी."

"तिला म्हणावं," स्तिएना म्हणाली, "तहानेने झाड मरत नाही लवकर. लाडाने मरतं. पानं पडलीत ती तहानेने नाही, जास्तीच्या पाण्याने. अजून एक तांब्या घातला असता तर गेलं होतं ते."

तांब्या फिलुमेनाने कसा उचलला असेल, याचा मी विचार करत होतो. दोन्ही तळहातांमध्ये दाबून, जिन्याच्या पायऱ्या मोजत, कुणाला न कळता. मला तिचा राग आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. स्तिएना उन्हाची पर्वा न करता तिथेच थांबली, आणि माती सुकेपर्यंत तीन दिवस तिने आम्हाला कुंडीला हात लावू दिला नाही. झाड वाचलं.

सप्टेंबरात फुलं धरली आणि वास सुटला. साधासुधा नाही, गल्लीच्या टोकाला कळावा असा. एके दिवशी डून ग्रेत्स्यू स्वयंपाकघरात येऊन बसले. कॉफी घेतली, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या. शेवटी म्हणाले, "फिलुमेना, परवाची मिरवणूक तुमच्या दारावरून गेली. बँडचे लोक इथे थांबले ते पुढे हलेचनात. सगळे हसायला लागले. वास कसला येतो तुमच्या गच्चीवरून?"

फिलुमेना लाल झाली. पाद्र्याशी खोटं बोलायची तिला सवय नाही. ती तोंड उघडणार, एवढ्यात विहिरीतून आवाज आला, "माझ्या सशांचा वास आहे तो, फादर! खुराडं धुवायचं राहिलं!"

डून ग्रेत्स्यू कपासकट दचकले. त्यांनी विहिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही विहीर नेहमी बोलते?"

"सणावारी," मी म्हटलं.

ते गेल्यावर फिलुमेना विहिरीच्या तोंडाशी गेली. आभार मानेल असं मला वाटलं. पण ती आत वाकून म्हणाली, "काही लोक पाद्र्याशी खोटं बोलतात."

"काही लोकांसाठी बोलावं लागतं," विहीर म्हणाली.

ऑक्टोबरात झाड कापलं. फांद्या त्याच अंधाऱ्या कपाटात उलट्या टांगून वाळवल्या, फुलं ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर तापवून मुरवली आणि तेल गाळलं. लहान बरणीभर तेल झालं. चोळायला मी बसलो, तर फिलुमेना किंचाळली, "हात आहेत का कानस?" शेवटी मिरवणुकीत संताचा पुतळा उचलताना घालायचे माझे पांढरे हातमोजे चढवून मी रोज तिचे हात चोळायला लागलो. फरक पडला का? थोडा पडला. तेलाने पडला, का रोज सकाळी गच्चीवर चढून कुणावर तरी रागावल्याने पडला, ते मला सांगता येणार नाही. पण नोव्हेंबरच्या शेवटी तिने चिमटीत एक बी धरून दाखवली. तिचे डोळे लहान मुलीसारखे चमकले.

"आण कापूस," ती म्हणाली.

त्या दुपारी मला तिने घराबाहेर काढलं. कुणी बघत असलं की तिच्याने होत नाही. मी बँड क्लबात जाऊन बसलो. परत आलो तेव्हा बशी कपाटात गेली होती, आणि ती गुडघ्यांवर बसून फरशीवरच्या बिया गोळा करत होती. खूप बिया होत्या. मी वाकलो, तर म्हणाली, "राहू दे. माझ्या पडल्यात, मी उचलीन."

तिची रुजवण उगवली, पण विरळ. मधे मधे कापूस दिसायचा. स्तिएनाची बशी कशी असणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. डिसेंबरभर मात्र मला एक गोष्ट खटकत होती. पलीकडे विहिरीत बादली सारखी पडायची. सकाळी, दुपारी, पुन्हा संध्याकाळी. एकटी बाई, एवढ्या पाण्याचं करते काय? धुणं काढलं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी बायका बश्या घेऊन चर्चमध्ये जमल्या. फिलुमेनाची बशी मी धरली होती, ती माझ्या दंडाला धरून चालत होती. तिने चांगला कोट घातला होता, त्याची बटणं तिने स्वतः लावली होती, एक चुकलं होतं. डून ग्रेत्स्यू एकेक बशी घेऊन मांडत होते. सगळ्यात शेवटी स्तिएना आली. तिच्या बशीवर फडकं झाकलेलं होतं. पाद्र्यांनी फडकं काढलं आणि दोन पावलं मागे सरकले.

बशीत पिवळा लगदा होता. कापूस पाण्यात तरंगत होता, बी कुजून काळी पडली होती, आणि वास असा की तुंबलेलं गटार बरं. बायका नाकाला रुमाल लावून बाजूला झाल्या.

"म्हातारी झाले," स्तिएना मान खाली घालून म्हणाली. "पाण्याचा अंदाज चुकला."

कुणीतरी चुकचुकलं. बाकीच्या बश्या आणखीनच किरकोळ होत्या. डून ग्रेत्स्यूंनी इकडेतिकडे पाहिलं, आणि फिलुमेनाची विरळ बशी उचलून बाळ येशूच्या उशाशी ठेवली.

मी बायकोकडे पाहिलं. आता हसेल, आता रडेल. ती उशाच्या बशीकडे बघत नव्हतीच. कुजलेल्या बशीकडे बघत होती. मग तिने माझा दंड सोडला आणि बाकांमधून एकटी चालत गेली, थेट स्तिएनासमोर जाऊन थांबली. सगळ्यांना भांडण बघायचं होतं.

"हात काढ," फिलुमेना म्हणाली. माझ्याकडे बघून नाही. विहिरीत बघून नाही. तिला म्हणाली.

स्तिएनाने हात कोटाच्या खिशातच ठेवला. फिलुमेनाने आपल्या वाकड्या बोटांनी तो ओढून बाहेर काढला आणि तिचं पहिलं बोट दोन्ही हातांत धरलं. तिला ते दुखलं असणार, मला दिसत होतं.

"तांब्याभर पाणी घातलं होतं मी. कुठल्या बाजूने घातलं, तेसुद्धा या बोटाने ओळखलं. आणि याचा अंदाज चुकला? या बोटाचा?"

"ताई, सोड."

"मुद्दाम बुडवलीस. दिवसातून तीनतीनदा पाणी घालून. कशाला?"

स्तिएना इतक्या हळू बोलली, की मागच्या रांगेतल्या बायका पुढे झुकल्या. "तू पेरत होतीस त्या दिवशी झाकण उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं. एकेक बी फरशीवर पडायची, आणि तू दर वेळी रडत होतीस. मला नाही ऐकवलं गं ते."

फिलुमेनाने बोट सोडलं, वळली, आणि गव्हाणीकडे गेली. तिने आपली बशी बाळाच्या उशाहून उचलली. मी धावलो, तर तिने नजरेनेच मला थांबवलं. बशी पायथ्याशी ठेवली. मग ती कुजलेली, पाणी हिंदकळणारी बशी दोन्ही तळहातांत दाबून उचलली आणि बाळ येशूच्या उशाशी नेऊन ठेवली. थोडं पाणी त्याच्या गवतावर सांडलं.

"फिलुमेना!" डून ग्रेत्स्यू कळवळले. "अहो, बाळाच्या नाकाशी? हा वास?"

"गोठ्यात जन्मलाय तो, फादर," फिलुमेना म्हणाली. "त्याला काय नवीन आहे?"

डून ग्रेत्स्यूंनी वादावादी केली नाही. गाव आता त्यांना थोडंफार कळायला लागलंय. त्या नाताळात पुढच्या रांगा रिकाम्या राहिल्या, लोक मागे दाटीवाटीने उभे राहिले. पहिल्या बाकावर फक्त दोघी बहिणी बसल्या होत्या, आणि स्तिएना पुटपुटत फिलुमेनाच्या कोटाचं चुकलेलं बटण लावून देत होती.